सचखंड कुठे आहे?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं सारखं केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)



आमच्या नांदेडहून एक गाडी सुटते. नंबर 12715, सचखंड एक्सप्रेस, नांदेड ते अमृतसर. वाटेत स्टेशनवर शीख मंडळी प्रवाशांना लंगर देतात म्हणून ती देशभर प्रसिद्ध आहे. लहानपणी मला वाटायचं की सचखंड हे गाडीचंच नाव. मग कळलं की ते आमच्या गुरुद्वाऱ्याचं नाव आहे, तख्त सचखंड श्री हजूर साहिब. आणि अगदी अलीकडे कळलं की त्याही आधी ते एका मुक्कामाचं नाव आहे. सचखंड म्हणजे सत्याचा प्रदेश, जीव शेवटी जिथे पोचतो तो. आता हा मुक्काम म्हणजे जागा आहे की मनाची अवस्था? मेल्यावर पोचायचं की जिवंतपणी? यावर खुद्द शिखांमध्ये दीडशे वर्षं तरी वाद चालू आहे.

मी इतिहासकार नाही, हे नेहमीप्रमाणे आधीच सांगतो. बीटेक आहे, पुण्यात कोड लिहितो. बीटेकसुद्धा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या, गुरु गोबिंदसिंघांच्या नावाच्या कॉलेजातून. चार वर्षं ज्यांचं नाव मार्कशीटवर वाचलं, त्यांचा धर्म मृत्यूबद्दल काय म्हणतो याची माहिती शून्य.

हा भाग करायचं कारण माझा एक शाळेतला मित्र. त्याचं घराणं दखनी शिखांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांदेडमध्ये राहिलेलं. मराठी माझ्याइतकीच चांगली बोलतो, भांडताना जास्तच चांगली. मध्यंतरी त्याची दादी गेली. दोन दिवसांनी रात्री त्याचा फोन आला.

"अरे, तू इतिहासाचं पॉडकास्ट करतोस ना? मग सांग, आमच्यात नक्की काय मानतात? घरात तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत आणि तिघंही गुरु ग्रंथसाहिबाचाच हवाला देतायत."

चाचा म्हणत होते, दादी सचखंडात गेली, अस्थी इथेच गोदावरीत सोडायच्या. लुधियान्याहून आलेले फुफाजी म्हणत होते, कुठे जाणं-येणं काही नसतं, सचखंड ही जिवंतपणीची अवस्था आहे, राख कुठल्याही वाहत्या पाण्यात सोडा. आणि त्याची आई म्हणत होती, पंजाबात किरतपूरला घेऊन जाऊ, माझ्या आईवडिलांच्या तिकडेच नेल्या होत्या.

फोन ठेवता ठेवता त्याने खरी गोष्ट सांगितली. दादीचं शेवटचं वाक्य होतं, "गॅस बंद केलास का? मागचं दार लाव." बस. आणि आई तेव्हापासून गप्प आहे. कारण कीर्तनात तिने एक शबद शंभर वेळा ऐकलाय, की शेवटच्या क्षणी ज्याच्या मनात घरदार असतं तो प्रेतयोनीत जातो.

मला काही बोलता आलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या आजोबांच्या दहाव्याला हाच मित्र माझ्याबरोबर नदीवर उभा होता. कावळा शिवत नव्हता. घरचे एकेक इच्छा बोलून दाखवत होते, पानावर पदार्थ वाढत होते. त्याने हळूच विचारलं होतं, "नाहीच शिवला तर?" तेव्हाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून म्हटलं, यावेळी तरी नीट वाचून सांगू.

आधी, वाद कशावर नाही

देव एक आहे यावर वाद नाही. मूलमंत्राची सुरुवातच एक ओंकाराने होते. तो निराकार आहे, कालातीत आहे, आणि जन्म घेत नाही. त्यामुळे देव माणसाचा अवतार घेऊन येतो ही कल्पना मुख्य धारेतले शीख मानत नाहीत. सगळं त्याच्या हुकमाने चालतं आणि सुटका होते ती त्याच्या नदरीने, म्हणजे कृपेने. हा कृपेचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गुरु ग्रंथसाहिब हा प्रमाण ग्रंथ, यावरही वाद नाही. पाचवे गुरु अर्जनदेव यांनी 1604 मध्ये त्याचं संकलन केलं. पुढे नववे गुरु तेगबहादूर यांची बाणी त्यात आली. आजची छापील प्रत 1430 पानांची, त्या पानांना अंग म्हणतात. 1708 मध्ये नांदेडला दहाव्या गुरूंनी याच ग्रंथाला गुरुपद दिलं.

मग ग्रंथ एक, देव एक, तर तीन मतं आली कुठून?

ग्रंथाच्या आतच अनेक आवाज आहेत

हे मला सगळ्यात थक्क करणारं वाटलं. या ग्रंथात फक्त गुरूंची वाणी नाही. पाकपट्टणचे सूफी शेख फरीद आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत. आणि आपले नामदेव आहेत, एकसष्ट शबदांसह.

आता मरणानंतरच्या चित्राकडे बघा. फरीद मुसलमान सूफी, त्यामुळे त्यांच्या बाणीत जीव न्यायला मृत्यूचा फरिश्ता येतो आणि केसाहून बारीक असलेल्या पुलाचा उल्लेख येतो. इस्लामी परंपरेत कयामतीच्या दिवशी ओलांडायचा तो पूल. गुरूंच्या बाणीत यम आहे, धर्मराज आहे, हिशेब लिहिणारे चित्रगुप्त आहेत, चौऱ्यांशी लक्ष योनी आहेत. माणूस होण्याआधी जीव किडा, मासा, पक्षी, झाड अशा किती रूपांतून आला याचंही वर्णन आहे. आजचे काही शीख त्याचा अर्थ थेट उत्क्रांती असा लावतात! आणि कबीर तर स्वर्ग आणि नरक दोन्ही बाजूला सारतात. काशीत मेलं की मोक्ष आणि मगहरला मेलं की गाढवाचा जन्म, या समजुतीची ते टर उडवतात.

म्हणजे इस्लामी पूल, पौराणिक चित्रगुप्त आणि दोन्हींना नकार, हे सगळं एकाच जिल्दीत आहे. संकलन करताना कुणाचं चित्र खोटं ठरवून काढून टाकलं नाही.

देवाच्या बाबतीतही तसंच. त्याला राम, हरी, गोबिंद म्हटलंय, अल्ला आणि खुदाही म्हटलंय. नामदेवांच्या शबदांत विठ्ठल हे नाव येतं, पण तो विटेवर उभा नाही, सगळीकडे भरलेला आहे. निर्गुणही तोच, सगुणही तोच, अशी मांडणी पुन्हा पुन्हा येते. आता तो माझं ऐकणारा कुणी आहे, की जे आहे ते सगळं तोच आहे? पहिलं धरलं तर मेल्यावर मी त्याच्यापाशी जातो. दुसरं धरलं तर थेंब समुद्रात मिसळतो आणि "मी" म्हणायला कुणी उरतच नाही. म्हणजे मरणाबद्दलचा वाद शेवटी देवाबद्दलचाच वाद आहे.

आणि आता त्या शबदाबद्दल, जो मित्राच्या आईला छळत होता. तो भगत त्रिलोचनांचा आहे. त्यांचे चार शबद ग्रंथात आहेत. एका परंपरेनुसार त्रिलोचन आपल्या बार्शीचे, नामदेवांचे स्नेही. शबदाचा आशय असा: अंतकाळी धन आठवलं तर सर्पयोनी, मुलं आठवली तर डुकराचा जन्म, घरदार आठवलं तर प्रेत, आणि नारायण आठवला तर मुक्ती. आपल्याकडे "अंती मती तशी गती" म्हणतात, तेच हे. एका मराठी संताची मानली गेलेली रचना पंजाबात जाऊन ग्रंथात बसते आणि सातशे वर्षांनी नांदेडच्या एका स्वयंपाकघरात एका बाईची झोप उडवते. हे सुचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

वाचणारे बदलत गेले

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ग्रंथाचा अर्थ सांगण्याचं काम मुख्यतः उदासी आणि निर्मळे साधू करत. उदासी आपली परंपरा गुरु नानकांचे थोरले पुत्र श्रीचंद यांच्यापासून सांगतात. निर्मळे म्हणतात, दहाव्या गुरूंनी आम्हाला संस्कृत शिकायला काशीला पाठवलं. त्यांच्या वाचनावर वेदान्ताची दाट छाया होती. त्यांच्या लेखी जीव आणि ब्रह्म एकच, अज्ञान आहे तोवर पुनर्जन्म, ज्ञान झालं की सुटका.

आणि खेड्यापाड्यांत? तिथे लोक गुरुद्वाऱ्यातही जात, सखी सरवर या पिराच्या दर्ग्यावरही जात आणि गुग्गा पिरालाही पूजत. भुतंखेतं, नवस, पितर, सगळं होतं. हरजोत ओबेरॉय यांनी 1994 च्या पुस्तकात या सरमिसळीवर भर दिला आणि त्यावरून अनेक शीख अभ्यासक त्यांच्यावर तुटून पडले. त्या वादात शिरत नाही, पण "पूर्वी सगळे शीख एकच मानायचे" असं म्हणता येत नाही, एवढं खरं.

याच काळात सुधारकही होते. रावळपिंडीचे बाबा दयाल, निरंकारी चळवळीचे संस्थापक. मूर्तिपूजा नको, मयतानंतरचे ब्राह्मणी विधी नकोत, छाती पिटून रडणं नको, असं ते सांगत. 1855 मध्ये ते गेले. (आजच्या संत निरंकारी मिशनशी यांची गल्लत करू नका.)

मग 1873. अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती व्हायचं जाहीर केलं आणि खळबळ उडाली. त्यातून सिंघ सभा स्थापन झाली. 1877 मध्ये अर्न्स्ट ट्रम्प या जर्मन मिशनऱ्याचा ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आला. त्याची प्रस्तावना इतकी तुच्छतेची होती की शीख भडकले. हा धर्म म्हणजे सर्वेश्वरवाद, सगळंच देव मानणारा, असं त्याचं म्हणणं. उत्तर म्हणून फरीदकोटच्या राजाने ग्रंथावर संपूर्ण टीका लिहवून घेतली. ती लिहिली निर्मळ्या परंपरेतल्या विद्वानांनी, म्हणजे परत वेदान्ताच्याच अंगाने.

सिंघ सभेतही लवकरच दोन तट पडले. अमृतसर गटाचे बाबा खेमसिंघ बेदी, गुरु नानकांच्या वंशातले. हा गट जुन्या चालीरीती आणि अवतारकल्पना सोडायला तयार नव्हता. लाहोर गटाचे प्रोफेसर गुरमुखसिंघ आणि ग्यानी दित्तसिंघ म्हणत, शीख धर्म स्वतंत्र आहे, पिंड-श्राद्ध आपलं नाही. 1887 मध्ये गुरमुखसिंघांना पंथाबाहेर काढलं गेलं. तो हुकूम मागे घेतला गेला 1995 मध्ये, ते जाऊन जवळजवळ शतक झाल्यावर!

पण विचार लाहोरचाच जिंकला. 1898 मध्ये काहनसिंघ नाभा यांचं "हम हिंदू नहीं" आलं. 1905 मध्ये सुवर्णमंदिराच्या आवारातून मूर्ती हलवल्या गेल्या. 1909 मध्ये आनंद विवाह कायदा झाला.

काही जण फारच पुढे गेले. भसौडचे तेजासिंघ म्हणू लागले की भगतांची बाणी ग्रंथात नकोच. म्हणजे फरीद गेले, कबीर गेले, नामदेव गेले, त्रिलोचन गेले. सगळे आवाज काढले की प्रश्नच संपला! 1928 मध्ये पंथाने त्यांना बहिष्कृत केलं. या निर्णयाचं मला फार महत्त्व वाटतं. गुंता सोडवण्यासाठी ग्रंथ कापायचा नाही, हे पंथाने तेव्हा ठरवलं.

मग ग्रंथ न कापता नवं वाचन कसं करायचं? ते काम केलं प्रोफेसर साहिबसिंघ यांनी. बाणीचं व्याकरण मांडून त्याच्या आधारे त्यांनी दहा खंडांचं "दर्पण" लिहिलं, 1960 च्या दशकात. जपजी साहिबात गुरु नानकांनी पाच खंड सांगितलेत: धरम, ज्ञान, सरम, करम आणि पाचवा सच. या सचखंडात निराकाराचा वास आहे. साहिबसिंघ याचा अर्थ लावतात की हे पाच नकाशावरचे प्रदेश नाहीत, साधकाच्या मनाच्या पाच पायऱ्या आहेत. त्यांनी पुनर्जन्म नाकारला असं नाही हं. पण शब्दांमागचा भाव बघायची ही रीत घेऊन पुढे काही शीख प्रचारक म्हणू लागले की योनीसुद्धा इथल्याच. लोभी माणूस आत्ताच साप आहे, मेल्यावर व्हायची गरज नाही. फुफाजी या वाचनातले.

उलट दमदमी टकसालसारख्या परंपरागत संस्थांत आणि निहंगांमध्ये पूर्वजन्म, धर्मराजाचा दरबार, सचखंड हे सगळं खरोखरचं मानलं जातं. चाचा या वाचनातले. त्यांच्याकडे भक्कम पुरावाही आहे. दसम ग्रंथातल्या "बचित्तर नाटक"मध्ये दहाव्या गुरूंच्या पूर्वजन्माची कथा येते. हेमकुंट पर्वतावर तप केलं, परमेश्वराशी एकरूप झालो, मग त्याच्या आज्ञेने जन्म घेतला, अशी. 1930 च्या दशकात उत्तराखंडातलं, चार हजार मीटरहून उंचावरचं एक सरोवर म्हणजेच ते स्थान असं निश्चित केलं गेलं. आज लाखो लोक तिथे जातात. पूर्वजन्म रूपक असेल तर मग ती चढण कशाची?

यावर दुसरी बाजू विचारते, दसम ग्रंथ सगळा गुरूंचाच कशावरून? इथे मात्र वाद तापतो. विधी आणि दसम ग्रंथ यांवर टीका करणारे लेखक गुरबख्शसिंघ काला अफगाना 2003 मध्ये बहिष्कृत झाले. अकाल तख्ताचे माजी जथेदार आणि नामवंत रागी दर्शनसिंघ यांनाही 2010 मध्ये बाहेर काढलं गेलं, तेही दसम ग्रंथावरच्या वक्तव्यावरूनच.

आणि नांदेड?

या वादाचा एक धागा आमच्या गावात अडकलाय. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरु गोबिंदसिंघ इथे गेले. "गेले" हा शब्द शीख गुरूंसाठी वापरत नाहीत. ते म्हणतात "ज्योतीजोत समाए", ज्योत ज्योतीत मिळाली. दहा देहांतून आलेली एकच ज्योत. मग ती नांदेडनंतर कुठे गेली?

बहुसंख्य शीख म्हणतील, ग्रंथात. नामधारी, ज्यांना कूके म्हणत, ते म्हणतात की गुरु तेव्हा गेलेच नाहीत. अजापालसिंघ या नावाने 1812 पर्यंत राहिले आणि गुरुपद बालकसिंघांना देऊन गेले. त्यांच्यानंतर रामसिंघ. 1872 मध्ये मलेरकोटल्याला इंग्रजांनी साठहून अधिक कूक्यांना तोफेच्या तोंडी दिलं आणि रामसिंघांना रंगूनला धाडलं. सरकारी कागदांत त्यांचा मृत्यू 1885 चा. पण ते परत येतील यावर त्यांच्या अनुयायांनी विश्वास ठेवला. म्हणजे पंथाचा एक भाग देहधारी गुरु मानतो आणि तो वाद आमच्या नांदेडपासूनच सुरू होतो.

गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागेवर आजचा गाभारा आहे, त्याला अंगीठा साहिब म्हणतात. वरची इमारत महाराजा रणजितसिंघांनी 1832 ते 1837 मध्ये बांधवली. इथली मर्यादा, म्हणजे रीत, अमृतसरपेक्षा वेगळी आहे. दसम ग्रंथाचाही इथे प्रकाश होतो, दिव्यांची आरती होते, शस्त्रांना चंदन लावलं जातं. कारभारही वेगळा, 1956 च्या स्वतंत्र कायद्याने चालणाऱ्या मंडळाचा. अमृतसरच्या शिरोमणी समितीचा नियम इथे जसाच्या तसा लागत नाही. 2008 मध्ये गुरुतागद्दीची तीनशे वर्षं झाली तेव्हा मी शाळेत होतो. रस्ते रुंद झाले, देशभरातून लोक आले. तेव्हा पंजाबातून आलेले काही पाहुणे आरतीकडे जरा नवलाने बघत होते. ते का, हे मला आता कळलं.

1945 चा कागद

बरं, एवढ्या मतांचा पंथ टिकला कसा? याचं मला पटलेलं उत्तर "सिख रहत मर्यादा" या छोट्याशा पुस्तिकेत आहे. 1931 मध्ये मसुद्याचं काम सुरू झालं, 1936 मध्ये मान्यता मिळाली, 1945 मध्ये सुधारून आजचं रूप आलं.

त्यात शीख कोण याची व्याख्या आहे. एका अकाल पुरखावर, दहा गुरूंवर, गुरु ग्रंथसाहिबावर, गुरूंच्या शिकवणीवर आणि दहाव्या गुरूंच्या अमृतावर श्रद्धा ठेवणारा आणि दुसरा धर्म न मानणारा. आता यात काय नाही ते बघा. पुनर्जन्म मानलाच पाहिजे असं नाही. मानूच नये असंही नाही. स्वर्ग, नरक, सचखंड जागा की अवस्था, यावर अवाक्षर नाही.

पण मेल्यावर काय करायचं ते मात्र बारीकसारीक लिहिलंय. माणूस खाटेवर असेल तर मरताना खाली उतरवू नका. दिवा, गोदान, पिंड, क्रिया, श्राद्ध नको. आक्रोश नको. दहन दिवसा की रात्री हा विचार नको. राख वाहत्या पाण्यात सोडा किंवा तिथेच पुरून जमीन सपाट करा. स्मारक बांधू नका. घरी किंवा गुरुद्वाऱ्यात ग्रंथाचा पाठ करा, शक्यतो दहा दिवसांत पुरा करा. आणि अस्थी गंगेला किंवा पाताळपुरीला, म्हणजे किरतपूरला, नेऊ नका, हेही नाव घेऊन लिहिलंय. तरी आजही हजारो लोक किरतपूरला जातातच.

आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस पक्का केला, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याच्यावर सोडलं. चाचा, फुफाजी आणि आई, तिघंही एकाच पाठाला एकाच सतरंजीवर बसणार, एकाच अरदाशीला उभे राहणार, एकाच पंगतीत लंगर वाढणार. दादी नेमकी कुठे गेली याबद्दल मात्र तिघांच्या मनात तीन चित्रं असणार. आणि ग्रंथातच फरीद, कबीर आणि त्रिलोचन शेजारी-शेजारी बसलेत, त्यामुळे यात काही बिघडलंय असं मला वाटत नाही.

अर्थात हे बाहेरच्याला बोलायला सोपं. ज्यांना पंथाबाहेर काढलं त्यांना ते इतकं सोपं गेलं नाही. आणि त्या आईलाही नाही.

मित्राला काय सांगितलं

अस्थी तोवर गोदावरीत गेल्या होत्या. चाचांना ती गुरूंची जागा म्हणून पटली, फुफाजींना जवळचं वाहतं पाणी म्हणून. आईने विरोध केला नाही, पण तिच्या मनातलं गेलं नाही.

मी मित्राला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं त्याहून जास्त पाल्हाळ लावून. तो म्हणाला, "म्हणजे उत्तर नाही."

म्हटलं, "आहेत. पण एक नाही. मला आईच्या शबदाबद्दल बोलायचंय."

फुफाजींच्या वाचनाने प्रश्नच मिटतो. तो शबद मेल्यानंतरच्या भुताबद्दल नाही, घरात अडकून जिवंतपणी भुतासारखं जगण्याबद्दल आहे. पण आई फुफाजींसारखं वाचत नाही, चाचांसारखं वाचते. तिला "हे सगळं रूपक आहे" म्हणून काय उपयोग? म्हणून मी जुन्या रीतीने विचार करून पाहिला. त्या रीतीतही शेवटचा विचार काही आकाशातून पडत नाही. आयुष्यभर मन जिथे वळलं तिथेच ते शेवटी वळतं. दादी चाळीस वर्षं पहाटे उठून लंगरच्या सेवेला जायची, हे मी स्वतः पाहिलंय. मग तिचं "गॅस बंद केलास का" हे घराच्या मोहाचं बोलणं होतं, की मागे राहणाऱ्यांच्या काळजीचं? आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर चाचा आणि फुफाजी दोघंही मान डोलावतील: सुटका होते ती कृपेने. एका वाक्यावरून हिशेब लावणारा देव या ग्रंथातला नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तू हे आईला सांग. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही."

मी सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तो त्रिलोचन बार्शीचा होता म्हणालास?"

"तसं मानतात काकू."

"आपल्याकडचाच की मग," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "पण बेटा, दार मीच लावायचं विसरले होते. त्यांनी बरोबर सांगितलं होतं."

आता त्या गप्प नसतात असं मित्र सांगतो. किरतपूरला मात्र जाणार आहेत, नुसतं डोकं टेकवायला. तिकीट काढलंय, अर्थातच सचखंड एक्सप्रेसचं. चाचाही बरोबर जातायत.

मंडळी, या भागात कुठे चुकलो असेन तर नक्की कळवा, विशेषतः शीख श्रोत्यांनी. आणि तुमच्या घरात मरणाबद्दल असाच तीन तोंडी वाद झाला असेल तर तोही लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.